मावळातून जाणारा रस्ता आणि मावळाचा रस्ता

१० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम घोडागाड्यांचा ताफा घेऊन बोरघाट उतरले. रस्ता पुरता झाला नव्हता, तरी गाड्या खाली पोचल्या. तोवर घाटातल्या वाहतुकीची सारी मदार बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांवर आणि पालखीच्या भोयांवर होती.

पुढे रेल्वे आली. १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली, पण खंडाळा ते खोपोली हा टप्पा प्रवाशांना पालखीत किंवा तट्टावर बसून पार करावा लागे. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला. त्यासाठी २५ बोगदे खोदले गेले आणि काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर राबत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येताच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे नेला.

हे सगळे मुंबई आणि पुणे जोडण्यासाठी होते. मावळ वाटेत लागले, इतकेच.

अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी या मुख्य वाटेपासून आत डोंगरात शिरतात. तिथल्या माणसासाठी खरी वाट सुरू होते ती कान्हे फाट्यावर किंवा कामशेतला. म्हणून ११ मार्च १९७८ रोजी सुरू झालेल्या पुणे-लोणावळा लोकलचे मोल इथे वेगळे आहे. डेक्कन क्वीन १९३० पासून मावळातून धावते आहे, पण वडगाव, कान्हे, कामशेत, मळवलीला थांबते ती लोकल. तिच्या खिडकीच्या गजांना दुधाच्या किटल्या अडकवून दूधवाले पुण्याला गेले, कॉलेजची पोरे गेली, चिंचवड-पिंपरीचे कामगार पाळीला गेले.

२००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने उलटे केले. देशातला हा पहिला सहापदरी, प्रवेशनियंत्रित काँक्रीट रस्ता मावळच्या शेतांतून गेला, पण त्यावर दुचाकी, रिक्षा, बैलगाडी आणि पायी माणसाला मज्जाव. बांधावरून गाड्या दिसतात. चढता येत नाही.

खेड्यांची वाहतूक मोजण्याची जागतिक पट्टी साधी आहे: बारमाही रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ग्रामीण लोकांचे प्रमाण. आपल्या जनगणनेच्या पुस्तिकेतही गावात बस येते का आणि येत नसेल तर ती किती अंतरावर मिळते, याचे रकाने असतात. या आकड्यांचा उपयोग आहेच. पण वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या लोणावळ्याच्या परिसरात दोन किलोमीटर म्हणजे कधी सपाट डांबर, कधी फुगलेला ओढा. शिवाय सकाळी गेलेली मुलगी संध्याकाळी कोणत्या गाडीने परतणार, हे त्या रकान्यात येत नाही. परतीची गाडी नसली की आधी तिची शाळा सुटते. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायचे तर खासगी जीप मिळेपर्यंत थांबावे लागते आणि भाड्याचा भार घरावर पडतो.

रस्ता कागदावर असणे आणि तो वापरण्याजोगा असणे यांतला फरक १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्यात दिसला. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जण दगावले. गावकऱ्यांसाठी तो रोजच्या येण्याजाण्याचा पूल होता.

मावळची मोजणी म्हणूनच मुंबई-पुणे प्रवासात किती मिनिटे वाचली यावर होऊ नये. आतल्या वाडीवरून भर पावसात दवाखाना, शाळा आणि बाजार गाठायला किती वेळ आणि किती पैसे लागतात, आणि शेवटची एसटी किती वाजता परतते, हे ग्रामपंचायतींनी दरवर्षी नोंदवावे आणि तालुक्याचे नियोजन त्या नोंदींवरून व्हावे.