हाड, काटा आणि पातं

शिकारीचं मांस हाडापासून सोडवणारी सुरी आणि माशाच्या मणक्यालगत फिरून सलग मांस काढणारी सुरी दुकानात शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात. दोन्ही अरुंद, दोन्ही टोकदार. पण एकीचं काम दुसरीवर सोपवलं की फरक हाताला लगेच कळतो. तो कुठून येतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यासाठी धातुशास्त्र, प्राण्यांची शरीररचना आणि कारागिरीचा इतिहास या तीन वाटांनी जावं लागतं. वाचकाला यांपैकी एकीचीही पूर्वओळख असायला हवी, असं नाही.

सुरी घेताना बहुतेक जण आधी पोलाद कोणतं ते विचारतात. आमचा आग्रह असा की आधी जाडी पाहावी. लवचीक पातं म्हणजे मऊ पोलाद, हा समज चुकीचा आहे. मऊ असो वा कडक, पोलादाचे सगळे प्रकार वाकवायला जवळपास सारखेच जड जातात. पातं किती लवेल हे मुख्यतः जाडीवर ठरतं, आणि तेही घनाच्या हिशेबाने: जाडी निम्मी केली, तर तेवढ्याच जोराने पातं आठपट वाकतं. वाकलेलं पातं पुन्हा सरळ होईल, वाकडंच राहील की मोडेल, आणि धार किती टिकेल, हे मात्र कडकपणावर अवलंबून असतं.

मग जाडी किती असावी? याचं उत्तर सांगाड्यात आहे. हरणाच्या खांद्याचा फरा धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेलाच नसतो. त्याला स्नायूच धरून ठेवतात, त्यामुळे पुढचा पाय एकही हाड न कापता सुटतो. मागच्या पायाला उखळीचा सांधा असतो. तिथे सुरीचं टोक खोबणीत घालून वळवावं लागतं, आणि पातं लवलं तर टोक भरकटतं. म्हणून १३ ते १५ सेंटिमीटरचं, ताठ पातं हवं. माशात उलट. पात्याने मणक्याला चिकटून, बरगड्यांच्या बाकाबरोबर लवत पुढे जायचं असतं. तिथे माशाच्या आकारानुसार १५ ते २३ सेंटिमीटरचं पातळ पातं सोयीचं.

हे नियम ज्या देशांत शिकार आणि मासेमारी शेजारी नांदल्या, तिथे स्पष्ट दिसतात. फिनलंडच्या उत्तरेला, रोव्हानिएमी गावात, मार्तीनी ही सुऱ्यांची पेढी १९२८ साली सुरू झाली. तिथेच घडवलेली, बर्चच्या मुठीची पातळ सुरी १९६७ पासून रापाला या नावाने जगभर गेली. जपानची देबा मात्र नियमाला आव्हान देते. तिचा पाठीकडचा भाग जाड, पातं मुळीच न लवणारं. तरी तिने मासा सुरेख सोलला जातो. तिची धार एकाच बाजूने घासलेली असते आणि दुसरी, जवळपास सपाट बाजू काट्यावरून सरकते. पातं लवत नाही, तेव्हा हात वळतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच आहे, त्यामुळे शिकारीची प्रकरणं बाहेरदेशची आहेत. माशाचं वेगळं. विळीवर पातं स्थिर राहतं आणि मासा हलतो. सुरमईच्या तुकड्या काट्यासकट आडव्या पडतात. अशा कापणीत लवचीक पात्याची गरज उद्भवलीच नाही. ही उणीव नाही, मासा खाण्याची वेगळी रीत आहे.

पोलादाचा विचार शेवटी येतो. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये क्रोमियमयुक्त पोलाद ओतल्यापासून खाऱ्या पाण्यातली सुरी गंजण्याची चिंता बरीच कमी झाली. आज युरोपीय सुऱ्यांत प्रचलित असलेल्या एका पोलादात सुमारे १५ टक्के क्रोमियम आणि अर्धा टक्का कार्बन असतो. ते फार कडक नसतं, धार वारंवार लावावी लागते, पण हाडावर आपटलं तर सहसा तुकडा उडत नाही. ओल्या, चरबट हातातून न निसटणारी मूठ मात्र कोणत्याही पोलादाइतकीच महत्त्वाची.

प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचता येतील. सुरी घ्यायची घाई असेल, त्यांनी शरीररचनेचं प्रकरण तेवढं आधी वाचावं. कुठलं हाड सोडवायचं आहे हे ठरलं की दुकानातल्या निम्म्याहून अधिक सुऱ्या आपोआप बाद होतात.