वॅग्नर-कार्डाचे मूल्य

संग्राह्य वस्तूची किंमत केवळ दुर्मिळतेवर ठरते, ही समजूत अपुरी होय. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची चित्रकार्डे वाटली. होनस वॅग्नर याचे कार्ड मात्र त्याच्याच हरकतीमुळे लवकर बंद झाले. हरकत तंबाखूविषयी होती की मोबदल्याविषयी, याबद्दल मतभेद आहेत. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळीत असे!

त्याची एक प्रत १९९१ मध्ये सदबीच्या लिलावात ४,५१,००० डॉलरांस गेली. त्याच वर्षी एका खाजगी परीक्षणसंस्थेने तिला दहापैकी आठ गुण देऊन पारदर्शक पेटीत मोहरबंद केले. २००० साली ईबेवर तिला साडेबारा लाखांहून अधिक डॉलर आले. २००७ मध्ये अठ्ठावीस लाख. दूरस्थ ग्राहकाने बोली लावली ती वस्तुतः चित्रावर नव्हे, गुणांकावर. त्या गुणांकाचा आधार म्हणजे कडांचा रेखीवपणा. आणि तोच कृत्रिम होता. प्रत विकण्यापूर्वी आपण कडा कातरल्याची कबुली लिलावदार विल्यम मास्ट्रो याने २०१३ मध्ये शिकागोच्या न्यायालयात दिली. आपल्या लिलावांतील भाव खोट्या बोलींनी चढविल्याचेही त्याने मान्य केले.

तथापि २०२२ मध्ये अवघे दोन गुण मिळालेली दुसरी, झिजलेली प्रत साडेबहात्तर लाख डॉलरांस विकली गेली.