काळ्या काचेचे मोल

पाचशे रुपयांचा गॉगल घ्यावा की पंधरा हजारांचा, या प्रश्नाचे उत्तर दुकानातल्या आरशासमोर सापडत नाही. त्यासाठी या वस्तूचा इतिहास पाहावा लागतो. उन्हापासून डोळे राखणारे सर्वांत जुने ज्ञात साधन आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांचे आहे, आणि त्यात काचच नव्हती. हाड, वॉलरसचा सुळा किंवा लाकूड चेहऱ्याच्या घडणीप्रमाणे कोरायचे, त्यात एक अरुंद आडवी फट ठेवायची आणि ते डोळ्यांवर घट्ट बांधायचे. ताज्या बर्फावरून अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्के भाग परततो. त्याने डोळ्याचा पृष्ठभाग भाजून शिकारी तात्पुरता आंधळा होई आणि ही फट त्याला वाचवी. बाराव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये धुरकट स्फटिकाच्या चकत्या वापरात होत्या. न्यायाधीश त्या लावत ते साक्ष ऐकताना आपल्या डोळ्यांतले भाव कुणाला कळू नयेत म्हणून, असे सांगितले जाते. तेव्हा गॉगलची घराणी सुरुवातीपासून दोन आहेत: एक डोळा राखणारे, दुसरे पाहणाऱ्यावर छाप पाडणारे. आज आपण मोजतो त्या जादा पैशातला मोठा वाटा दुसऱ्या घराण्याकडे जातो, पण तो मागितला जातो पहिल्याच्या नावावर.

संरक्षण ही खरोखर कष्टाने मिळवावी लागणारी गोष्ट होती, असा एक काळ होऊन गेला. काचेच्या भट्टीसमोर वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या इंग्लंडमधल्या कामगारांना अकाली मोतीबिंदू होई. त्यावर उपाय शोधण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉयल सोसायटीने हाती घेतले आणि ते विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञाकडे आले. थॅलियम हे मूलद्रव्य शोधणारा हा माणूस तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेला होता. त्याने वेगवेगळी धातुसंयुगे मिसळून काचेचे शेकडो नमुने ओतले, प्रत्येकातून कोणते किरण पार होतात ते मोजले आणि १९१३ मध्ये निष्कर्ष मांडले. सिरियम घातलेली काच अतिनील किरण अडवी, तर लोहाची संयुगे उष्णता रोखत. क्रुक्सच्या नावाच्या काचा पुढे अनेक दशके चष्म्यांत बसवल्या गेल्या. या शोधामागे सिनेतारका नव्हत्या, भट्टीवरचे मजूर होते. गॉगलच्या इतिहासातले हे पान मला सर्वांत मोलाचे वाटते.

पुढच्या पन्नास वर्षांत रसायनशास्त्राने हेच संरक्षण स्वस्त करून टाकले. अमेरिकेत सॅम फॉस्टरने सेल्युलॉइडच्या वस्तू बनवता बनवता १९२९ मध्ये अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनारी गॉगल विकायला सुरुवात केली. १९३६ च्या सुमारास अमेरिकी संशोधक एडविन लँडचे प्रकाशाचे ध्रुवीकरण करणारे पटल गॉगलमध्ये आले आणि पाण्यावरून, रस्त्यावरून येणारी आडवी चमक कापता येऊ लागली. १९३७ मध्ये अमेरिकेत दोन कोटी गॉगल विकले गेले, असे ‘लाइफ’ मासिकाने पुढच्या वर्षी छापले. ते लावणाऱ्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याला डोळ्यांसाठी गॉगलची गरज होती, असाही मासिकाचा अंदाज होता. १९५० च्या दशकात पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक तयार झाले. ते आपल्या घडणीमुळेच जवळजवळ सगळे अतिनील किरण शोषून घेते. इतर प्लास्टिकच्या भिंगांत तेच काम करणारे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळता येते. म्हणजे ज्यासाठी क्रुक्सला शेकडो काचा ओताव्या लागल्या, ते आता साच्यातून निघणाऱ्या साध्या भिंगात आयते असते.

मग किंमत चढली कशी? रे-बॅनची कथा याचे उत्तर देते. चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या बॉश अँड लोम्ब कंपनीने उंचावरच्या झगमगाटाने हैराण झालेल्या वैमानिकांसाठी हिरव्या काचेचा चष्मा केला, १९३७ मध्ये तो बाजारात आणला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सेनानी जनरल मॅकआर्थरच्या छायाचित्रांनी तो घरोघरी पोचवला. रे-बॅनच्याच १९५२ च्या वेफेरर या जाड प्लास्टिकच्या चौकटीचा खप १९८१ पर्यंत काही हजारांवर आला होता. १९८२ मध्ये कंपनीने आपले चष्मे चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर दिसावेत म्हणून करार केला. पुढच्याच वर्षी ‘रिस्की बिझनेस’मध्ये टॉम क्रूझच्या डोळ्यांवर वेफेरर दिसला आणि वर्षाचा खप साडेतीन लाखांच्या पुढे गेला. या दोन वर्षांत सूर्य बदलला नव्हता. १९९९ मध्ये इटलीच्या लक्सोटिका कंपनीने ६४ कोटी डॉलरना ही नाममुद्रा घेतली, पेट्रोलपंपांवरच्या दुकानांतून तिचा माल काढून घेतला आणि किंमती वर नेल्या. त्याच कंपनीने २००१ मध्ये सनग्लास हट ही दुकानसाखळी आणि २००७ मध्ये ओकली विकत घेतली. अनेक फॅशनघरांच्या नावाचे चष्मेही तिच्याच कारखान्यांत होतात. २०१८ मध्ये भिंगे बनवणारी फ्रान्सची एसिलॉर तिच्याशी एकत्र आली. भारतात विकले जाणारे अनेक रे-बॅन राजस्थानातल्या भिवाडीला तयार होत आले आहेत. फळीवर शेजारी मांडलेल्या दोन महागड्या नावांमध्ये स्पर्धा असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की स्वस्त गॉगल घातक असतो: काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते उलट जास्त आत शिरतात. तर्क बिनचूक आहे, म्हणून त्याला टाळून चालणार नाही. पण तो किंमतीविरुद्धचा नाही, मोजणीच्या अभावाविरुद्धचा आहे. ऑस्ट्रेलियाने १९७१ मध्येच गॉगलसाठी राष्ट्रीय मानक केले, आणि २०१३ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे. मानक पाळणारा स्वस्त गॉगल आणि मानक पाळणारा महाग गॉगल अतिनील किरणांपुरते सारखेच काम करतात. पदपथावरच्या मालावर चिकटवलेल्या ‘यूव्ही ४००’ या अतिनील-संरक्षणाचा दावा करणाऱ्या पट्टीवर विश्वास ठेवू नये हे खरे, पण अनेक चष्मेवाल्यांकडे असलेल्या छोट्या यंत्रावर भिंग धरले की काही क्षणांत उत्तर मिळते. काच किती गडद आहे यावरून मात्र काहीच कळत नाही. गडदपणा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापुरता असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चांगल्या भिंगातून सरळ रेषा सरळ दिसते, तासन्‌तास गाडी चालवून डोके दुखत नाही, बिजागरी लवकर सैल होत नाही, ध्रुवीकरण खरे असते. या सगळ्याला पैसे पडतात आणि ते द्यावेत. मासेमारी करणाऱ्याला किंवा महामार्गावरच्या चालकाला ध्रुवीकरणाचा लाभ रोज जाणवेल. पण हे गुण मध्यम किंमतीतच पुरे पडतात. त्यापुढची रक्कम नावाची असते. एखाद्याला ते नाव आवडत असेल तर त्याने जरूर घ्यावे, सौंदर्यावर खर्च करणे गैर नाही. ती डोळ्यांची काळजी समजू नये एवढेच.

शिवाय महागडेपणा कधी कधी संरक्षणाच्या आड येतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा बहुधा नाकाच्या बाजूनेच का वाढतो, याचा विचार करताना सिडनीचे नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी १९९० च्या दशकात दाखवले की कानाकडच्या बाजूने तिरपा येणारा प्रकाश पारदर्शक पटलातून वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतो. म्हणजे गॉगल बाजूने किती झाकतो हे निर्णायक आहे. फॅशनची छोटी चौकट, कितीही उंची असली, तरी तिथे उघडीच राहते. कडेपर्यंत वळलेला साधा गॉगल ते काम करतो, जसे इन्युइटांचे हाड करत होते. आपल्याकडे चौकातला वाहतूक पोलीस, होडीवरचा कोळी, उसाच्या फडातली बाई यांचे डोळे सर्वांत जास्त उन्हात असतात, आणि गॉगल ही चैनीची वस्तू आहे हा समज त्यांनाच सर्वांत जास्त नडतो. रुंद टोपी आणि मानक पाळणारा, गालाला लागून बसणारा, शे-पाचशे रुपयांचा पॉलिकार्बोनेटचा गॉगल त्यांच्या कामाच्या साहित्यात हातमोजे-गमबुटांइतकाच हक्काने असायला हवा.