सूझी व्हेली

सूझी व्हेली (जन्म: १९६६) या अमेरिकन व्यावसायिक गोल्फपटू, प्रशिक्षक व क्रीडा प्रशासक आहेत. १९९० आणि १९९३ मध्ये त्या महिलांच्या एलपीजीए टूरवर खेळल्या. २००२ मध्ये कनेक्टिकट विभागाची पीजीए स्पर्धा जिंकून त्या ग्रेटर हार्टफर्ड ओपन या पुरुषांच्या स्पर्धेसाठी पात्र ठरल्या. १९४५ मधील बेब झहारियास यांच्यानंतर असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच महिला होत. विभागीय स्पर्धेत नियमानुसार त्यांना पुरुषांपेक्षा कमी अंतरावरून खेळण्याची मुभा होती. २००३ मध्ये हार्टफर्डला मात्र त्या पुरुषांच्याच अंतरावरून खेळल्या आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर बाद झाल्या. पुढे २०१४ मध्ये त्या पीजीए ऑफ अमेरिका या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या सचिवपदी निवडून आल्या. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष (२०१८–२०२०) होत.