13 डिसेंबर : वर्षानुवर्षे कोंडलेला चित्रपट

पोलंडमध्ये 13 डिसेंबर 1981 रोजी लष्करी कायदा लागू झाला. त्याच वर्षी रिशार्ड बुगायस्की यांनी ‘प्शेस्वुहान्ये’, म्हणजे ‘चौकशी’, हा चित्रपट चित्रित केला होता. कम्युनिस्ट राजवटीने तो दाबून टाकला. कथा स्टालिनच्या काळातली. गाणी गाऊन पोट भरणाऱ्या तोन्याला दारू पाजून तुरुंगात आणतात. गुन्हा काय, हे कुणीच सांगत नाही. ओळखीच्या एका अधिकाऱ्याविरुद्ध तिची सही तेवढी हवी असते. एका प्रसंगात तिला अरुंद कोठडीत उभे करून पाणी सोडतात. पाणी अंगावर चढत जाते, आणि पाहणाऱ्याचाच श्वास अडकतो. ही बाई शूर वगैरे नाही, साधी आहे. म्हणूनच तिचा ‘नाही’ इतका आतवर भिडतो. सरकारने कुलूप लावले तरी व्हिडिओ कॅसेटच्या चोरट्या प्रती पोलंडभर घरोघरी फिरत राहिल्या. दिग्दर्शकाला मात्र देश सोडून कॅनडा गाठावे लागले. कम्युनिस्ट सत्ता कोसळल्यावर 1989 मध्ये, 13 डिसेंबरलाच, चित्रपट उघडपणे पडद्यावर आला. पुढच्या वर्षी कान महोत्सवात तोन्या साकारणाऱ्या क्रिस्तिना यांदा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या.