डावखुऱ्या नेमबाजासाठी ठासणीची रायफल निवडताना

नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून गजाने ठासायची आणि मागून ठिणगी देऊन बार काढायचा, ही ठासणीच्या बंदुकीची पद्धत. गोवा, कोकण आणि बेळगावच्या डोंगरपट्ट्यात ती आजही शेतराखणीचे हत्यार म्हणून परिचित आहे. तिची नळी बहुधा आतून गुळगुळीत असते. नळीत पीळदार खाचा असल्या की ती रायफल होते. या खाचा गोळीला फिरकी देतात आणि नेम दूरपर्यंत अचूक राहतो. अमेरिकेत ठासणीच्या रायफलींना मोठी मागणी आहे, कारण तेथील अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी अशा बंदुकांचा स्वतंत्र हंगाम असतो. मात्र यांतील बहुसंख्य रायफली उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेल्या असतात. डावखुऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. तो डोळ्यांच्या सुरक्षिततेचाही आहे.

अडचण नेमकी कोठे?

उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा गाल कुंद्याच्या डाव्या अंगाला टेकतो. घोडा, रंजकाचा प्याला आणि नळीचे छिद्र ही सारी यंत्रणा उजव्या अंगाला असते. भडका उडतो तो बंदुकीच्या पलीकडे. तीच बंदूक डाव्या खांद्याला लावली की चेहरा आणि भडका एकाच बाजूला येतात. छिद्रातून आडवी निघणारी ज्वाला उजव्या डोळ्यासमोरून जाते आणि पुढे नळीला आधार देणारा उजवा हातही तिच्या जवळच असतो. इजा झाली नाही तरी भडक्याच्या धास्तीने डोळे मिटतात, मान हलते आणि नेम चुकतो.

जुन्या सैन्यांत या अडचणीवर एकच तोडगा होता: डावखुऱ्यानेही उजव्या खांद्यावरूनच बार काढायचा. खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या रांगेत वेगळ्या हाताला वाव नव्हता. डाव्या अंगाला यंत्रणा असलेल्या बंदुका मागणीनुसार, क्वचितच घडवल्या जात.

आधी डोळा, मग हात

लिहिण्याचा हात डावा म्हणून नेमाचा डोळाही डावाच असेल, असे नाही. दोन्ही तळहात पुढे धरून बोटांमध्ये लहानसा त्रिकोण करावा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरची एखादी वस्तू पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना वस्तू त्रिकोणात कायम राहते, तो प्रधान डोळा. तो उजवा निघाला आणि नेमबाजी नव्याने शिकायची असेल, तर उजव्या खांद्यावरून शिकणेच अनेकदा हिताचे ठरते. तो डावा असेल, तर डावखुरी रायफल शोधण्याला अर्थ आहे.

ठिणगीचे तीन प्रकार

चकमकीच्या रायफलीत गारगोटी पोलादावर आपटते, उघड्या प्याल्यातील रंजक पेटते आणि ती आग छिद्रातून आतल्या दारूपर्यंत जाते. भडका सर्वाधिक येथेच असतो. म्हणून चकमक हवी असेल, तर यंत्रणा डाव्या अंगाला असलेलीच रायफल घ्यावी. येथे तडजोड करू नये. पेनसिल्व्हेनियातील हिवाळी विशेष हंगामात चकमकीचीच बंदूक लागते. असा नियम असेल तेथे डावखुऱ्याने खरेदीची तयारी लवकर सुरू करावी.

टोपीच्या रायफलीचे मूळ स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोरसिथ यांनी १८०७ मध्ये घेतलेल्या पेटंटात आहे. आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा वापर ही त्यांची कल्पना. तांब्याची टोपी नंतर आली. यात उघडे रंजक नसल्याने भडका कमी होतो, पण टोपीचे तुकडे आणि गरम वायू उडतातच. उजव्या यंत्रणेची टोपीची रायफल डावखुऱ्याला चालवता येते. तरीही डावी मिळाल्यास तीच उत्तम. लायमन आणि इटलीतील पेडरसोली यांनी अशी डावखुरी रूपे काढलेली आहेत. घोडा नळीच्या खाली असलेली जुन्या धाटणीची रायफलही मिळते. ती दोन्ही हातांना सारखीच.

तिसरा प्रकार सरळ रेषेतल्या ठिणगीचा. १९८५ मध्ये टोनी नाइट यांच्या एमके-८५ रायफलीने तो लोकप्रिय केला. यात ठिणगी नळीच्या थेट मागून मिळते. मधोमध मोडून उघडणाऱ्या नव्या रायफलींत प्रज्वलक बंदिस्त असतो आणि घोडा मध्यभागी असतो, त्यामुळे डावा-उजवा हा भेद जवळपास संपतो. दुर्बीण बसवली असल्यास घोड्याला आडवी खुंटी डाव्या बाजूने लावून घ्यावी. खटक्याच्या रायफलीत मात्र दांडी कोणत्या बाजूला आहे ते पाहावे.

कुंदा आणि नळी

यंत्रणा डावी असून भागत नाही. उजव्या हाताच्या रायफलीत गालाचा उंचवटा डावीकडे असतो आणि कुंदा किंचित उजवीकडे वळलेला असतो. डावखुऱ्याला दोन्ही उलटे हवे, नाहीतर डोळा नेमाच्या रेषेत येत नाही. दोन्ही बाजूंनी सारखा, सरळ कुंदा ही मधली वाट. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी. डोळे उघडताच माशी आणि खाच एका रेषेत दिसली, तर कुंदा अंगाला बसला असे समजावे.

नळीची निवड हातावर नव्हे, गोळीवर ठरते. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी साधारण ६० ते ६६ इंचांत एक वेढा असा मंद पीळ चांगला, तर लांबट गोळीसाठी २८ इंचांत एक असा जलद पीळ. ४८ इंचांत एक ही दोन्हींमधली तडजोड.

जुनी रायफल घेताना

गज नळीत सोडून तोंडापाशी खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. आत तो छिद्राच्या जागेपर्यंत पोहोचत नसेल, तर जुना बार अडकलेला असू शकतो. अर्ध्या चढावावरचा घोडा चाप ओढूनही पडता कामा नये. नळीत काळी दारू किंवा तिचा मान्य पर्यायच वापरावा. आधुनिक धूरविरहित दारूने नळी फुटून जीव जाऊ शकतो. बार उडाला नाही तर तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे. हात कोणताही असो, डोळ्यांना चष्मा हवाच.

भारतातील स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे बंदुकीला परवाना लागतो. खऱ्याखुऱ्या शेतराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्याच्या कलम १३ मध्ये आहे. मात्र शेतराखणीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे निर्बंध कायम राहतात. परवान्यावरची बंदूक उजव्या यंत्रणेची असेल, तर डावखुऱ्या शेतकऱ्याने ती उजव्या खांद्यावरून चालवण्याचा सराव करावा. सुरुवातीला नेम थोडा ढळेल, पण डोळा सुरक्षित राहील.