हातच्याचं कूळ

दुसऱ्यानं केलेली बेरीज तपासायला घेतली की नजर आधी हातचे शोधते. ते मनातच ठेवलेले असले तर सगळी बेरीज नव्यानं करण्यावाचून गत्यंतर नसतं. प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणितानं सिद्ध करायची जी विद्या आहे, तिचं मूळ शोधत गेलं तर ते या हातच्यात सापडतं.

२४ जून १९४९, केंब्रिज. तिथला एडसॅक संगणक चालू होऊन जेमतेम सात आठवडे झाले होते, आणि आता उरलेलं आयुष्य स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार हे त्याचा कर्ता मॉरिस विल्क्स याला त्याच सुमारास, जिन्याच्या वळणावर, उमगलं होतं. त्या दिवशी तिथल्या परिषदेत गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंगनं तीन पानांचं टिपण मांडलं. त्यात एक साधी बेरीज होती: १३७४, ५९०६, ६७१९, ४३३७, ७७६८. एकमची बेरीज ३४, दहमची १७, शतमची २९, हजारांची २३. खाली ३९७४ लिहायचे, हातचे २२१३ एक घर डावीकडे सरकवून मांडायचे; उत्तर २६१०४. हातचे असे उघड्यावर आले की चार रकाने चार माणसांनी तपासावेत, एकाला दुसऱ्याचं तोंड बघायची गरज नाही.

प्रोग्रॅमचंही तसंच करा, ट्यूरिंगचं म्हणणं. ‘इथवर आल्यावर स्मृतीच्या या खान्यात अमुकच असलं पाहिजे’ अशी विधानं टप्प्याटप्प्यावर लिहून ठेवा, म्हणजे तपासणाऱ्याला एका विधानापासून पुढच्या विधानापर्यंतचंच बघावं लागेल. त्यानं उदाहरण घेतलं क्रमगुणिताचं, तेही गुणाकार न वापरता नुसत्या बेरजांनी. आणि प्रोग्रॅम कधीतरी थांबणार कशावरून? दर पावलाला घटत जाणारी एखादी राशी दाखवा.

माणूस मात्र विक्षिप्त. प्रोग्रॅम तपासण्याबद्दलच्याच एका व्याख्यानात त्यानं फळ्यावर आकडे उलटे, एकम डावीकडे, लिहिले; बराच वेळ कुणाला काही कळेना, अशी आठवण विल्क्सनं सांगितली आहे.

टिपण विस्मरणात गेलं. १९६७ मध्ये रॉबर्ट फ्लॉइडनं प्रवाह-आकृतीच्या बाणांवर विधानं लिहिली, ती ट्यूरिंगचा हवाला न देता. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकलेल्या टोनी होअरनं फ्लॉइडचा धागा पकडून १९६९ मध्ये भूमितीसारखी गृहीतकं मांडली: आधी काय खरं, मधे कोणती आज्ञा, नंतर काय खरं. हातचा आता सूत्रात आला.

१९८४ मध्ये मॉरिस (हे आडनाव; विल्क्स नव्हे) आणि जोन्स या अभ्यासकांनी ट्यूरिंगचं टिपण पुन्हा छापलं. आधी त्यातल्या चुका दुरुस्त कराव्या लागल्या. मूळ टंकलेखनात अक्षरं आणि खुणा इतक्या चुकल्या होत्या की युक्तिवाद लागता लागत नव्हता.